ताणातली बाग आणि आचाऱ्याचा कबुलीजबाब

तीस-बत्तीस वर्षांच्या नोकरीत हाताळलेली बरीचशी प्रकरणं आता माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठल्या घरफोडीत कोण सापडलं आणि कुठला पंचनामा कुठल्या गावचा, हे कुणी विचारलं तर मला जुनी डायरी काढावी लागते. त्या हॉटेलातला रविवार मात्र डायरीला हात न लावता सांगता येतो. त्या दिवशी माझ्या हातून एक चूक झाली आणि माझ्या मते नोकरीतलं सगळ्यांत चांगलं कामही झालं. दोन्ही सांगतो. नाव कुणाचंच घेणार नाही, कारण यातली बरीच माणसं अजून त्याच शिवारात राहतात आणि रस्त्यात भेटली की नमस्कार करतात.

मी तेव्हा अंबड तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. वडीगोद्रीहून अर्ध्या तासाच्या अंतरावर एका शेतकऱ्याने आपल्या मोसंबीच्या बागेच्या कडेला आठ खोल्यांचं हॉटेल बांधलं होतं. शनिवार-रविवार शहरातली नोकरदार मंडळी तिथं मुक्कामाला यायची, बाजेवर बसायची, शेततळ्याकाठी फोटो काढायची. मालक साठीचा, बोलघेवडा, पाहुण्यांत रमणारा माणूस. हॉटेलचा व्यवहार त्याचा पुतण्या पाहायचा. हा पुतण्या पुण्यात वाढला, तिथंच हॉटेलात नोकरीला होता आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये काकाकडे आला होता. बाग मात्र मालक स्वतःच पाहायचा, तिथं तो कुणाला लुडबुड करू देत नसे. तिसरा महत्त्वाचा माणूस म्हणजे आचारी. मूळचा कुंभार पिंपळगावचा, मालकाकडे पंधरा वर्षांपासून. सगळे त्याला मामा म्हणायचे.

आता चुकीबद्दल. डिसेंबरचा शेवटचा आठवडा होता. गुरुवारी संभाजीनगरच्या एका कार्यालयातली तरुणी अर्ज घेऊन ठाण्यात आली. त्यांचे वीस जण शनिवारी त्या हॉटेलात मुक्कामाला येणार होते आणि तिथं खुनाचा खेळ खेळणार होते. म्हणजे एकाने मेल्याचं सोंग घ्यायचं, एक जण खुनी, बाकीच्यांनी पुरावे शोधायचे. आरडाओरडा ऐकून कुणी पोलिसांना फोन केला तर गैरसमज नको, म्हणून ती आधीच कळवायला आली होती. मला हसू आलं. खऱ्या खुनाची खबर द्यायला लोक दोन दिवस लावतात, आणि ही मुलगी खोट्या खुनाची आगाऊ वर्दी देत होती. मी अर्जावर शेरा मारला, ‘माहितीस्तव. ठाणे अंमलदाराने नोंद घ्यावी.’ ठाणे अंमलदार आज्ञाधारक माणूस. त्याने तो अर्ज टेबलाच्या काचेखाली घालून ठेवला.

रविवारी सकाळी सात वाजता हॉटेलच्या राखणदाराचा फोन आला, “मालक शेततळ्यात मरून पडलेत.” ठाणे अंमलदाराने काचेखाली नजर टाकली आणि म्हणाला, “माहिती आहे आम्हाला. चालू द्या तुमचा खेळ.” पाच मिनिटांनी पुन्हा फोन आला, पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्या फोनवर खुद्द आचारी होता आणि तो ढसाढसा रडत होता. तेव्हा कुठे ठाणे अंमलदाराच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तो माझ्या क्वार्टरकडे धावत आला. पंचवीस मिनिटं गेली होती. मालक त्याच्या बराच आधी गेला होता, असं डॉक्टरांनी पुढे सांगितलं. तरीही ती पंचवीस मिनिटं मी कधी ठाणे अंमलदाराच्या माथी मारली नाहीत. शेरा माझा होता.

आम्ही पोहोचलो तेव्हा पाहुण्यांनी मालकाला बाहेर काढून काठावर ठेवलं होतं. निम्मे पाहुणे सुन्न होते, पण नुकतेच झोपेतून उठून आलेले काही जण अजून खेळातच होते. गळ्यात मफलर घातलेला एक जण माझ्याजवळ येऊन म्हणाला, “सर, तुमची ॲक्टिंग एकदम नॅचरल आहे हां.” मी त्याला नाव, पत्ता आणि वडिलांचं नाव विचारलं. जमादाराने वही उघडली तसा त्याचा चेहरा उतरला.

शेततळ्याच्या उताराला प्लास्टिकचा कागद असतो. त्यावर शेवाळ धरतं आणि माणूस एकदा आत घसरला की वर येणं कठीण. आमच्या भागात असे अपघात होतात. त्यामुळे पहिली नोंद अकस्मात मृत्यूची केली. पण प्रेताचा इन्क्वेस्ट पंचनामा करताना मी मालकाचं डोकं हाताने चाचपलं. मागच्या बाजूला, टाळूच्या जरा खाली, खोल जखम होती. आणि त्या तळ्यात कागद आणि पाणी याशिवाय काही नव्हतं. दगड नाही, काँक्रीट नाही. मऊ कागदावरून घसरलेल्या माणसाचं डोकं असं फुटत नाही. प्रेत शवविच्छेदनाला पाठवलं आणि जमादाराला सांगितलं, एकाही पाहुण्याची गाडी फाटकाबाहेर जाता कामा नये.

साडेआठच्या सुमारास माझ्या मोबाईलवर एक क्लिप आली. तोवर ती अर्ध्या तालुक्यात फिरली होती. क्लिपमध्ये हॉटेलचा जेवणाचा हॉल दिसत होता, मधोमध आचारी उभा होता, हातात लालभडक माखलेला कोयता होता आणि तो छाती पुढे काढून म्हणत होता, “व्हय, म्याच मारलं मालकाला! पंधरा वरसं राबलो, एक दिवस बी मला मानूस म्हनून बघितलं न्हाई!” एवढीच. अकरा सेकंदांची.

खरी गोष्ट अशी होती की शनिवारी संध्याकाळच्या खेळात मेल्याचं सोंग खुद्द मालकाने हौसेने घेतलं होतं आणि खुनी म्हणून आचारी निघाला होता. हे त्या हॉलमधल्या वीस जणांना माहीत होतं. बाहेरच्यांना काय माहीत? त्यांना कबुली दिसली, कोयता दिसला आणि सकाळी मालक खरोखर मेल्याचं कळलं. दहा वाजेपर्यंत ठाण्याच्या फाटकासमोर शे-दीडशे लोक जमले. आचाऱ्याला आमच्या ताब्यात द्या, इथपर्यंत त्यांची मजल गेली. मी आचाऱ्याला चौकशीसाठी ठाण्यात आणून बसवलं होतं. खरं सांगायचं तर चौकशीपेक्षा त्याच्या जिवाची काळजी जास्त होती.

आमचे उपनिरीक्षक नवे, कोकणातले, भारी तत्पर. त्यांनी तो कोयता रीतसर पंचांसमक्ष जप्त केला, कागदात गुंडाळला, लाखेचं सील मारलं. तासाभरात मुद्देमालाच्या टेबलावर मुंग्यांची रांग लागली. बिटाचा रस आणि गुळाचा पाक, त्या तरुणीने सांगितलं. जमादार त्या रांगेकडे बघत म्हणाला, “सायेब, ह्यो पयलाच मुद्देमाल बघितला, मुंग्या पंच म्हनून आल्या.” मला हसायला वेळ नव्हता, कारण फोन वाजत होता. वरिष्ठांचा होता.

“क्लिप पाहिली का?”

“पाहिली, साहेब.”

“मग अटक दाखवा. लोकांचा रेटा वाढतोय. दुपारी मला वर उत्तर द्यायचंय.”

“साहेब, ते नाटक होतं.”

“नाटकच असेल हो. पण पहाटे हॉटेलात एकटा जागा कोण होता? तोच ना?”

हे मात्र खरं होतं. डॉक्टरांनी मृत्यूची वेळ पाच ते सहाच्या दरम्यानची सांगितली होती. मालक रोज पहाटे दात घासत शेततळ्याभोवती फेऱ्या मारायचा. त्या वेळी पाहुणे झोपलेले. राखणदार पावणेपाचलाच दूध आणायला गावात गेला होता, सहा वाजून गेले तरी तो डेअरीवरच होता, असं डेअरीवाल्याने सांगितलं. आचारी मात्र पाचपासून स्वयंपाकघरात एकटा, पाहुण्यांसाठी अंघोळीचं पाणी तापवत. त्याला पाहणारं कुणी नाही. मी साहेबांकडे संध्याकाळपर्यंतची मुदत मागितली. त्यांनी दिली, पण आवाजावरून कळलं की संध्याकाळनंतर माझं काही ऐकलं जाणार नाही.

मी आचाऱ्याला आत बोलावलं. खुर्चीवर बस म्हटलं तर तो जमिनीवर बसला.

“मामा, ते वाक्य कुणी शिकवलं?”

“त्या ताईनं कागद दिल्ता, सायेब. भाजी चिरता चिरता घोकून राह्यलो व्हतो. मालकच म्हन्ले, मामा, जोरात म्हना, लाजू नका. मी म्हन्लो आन् मालक मेल्यालं पडून हसून राह्यले.” एवढं बोलून तो रडायला लागला. “आता त्ये बोललेलं खरं झालं का वं, सायेब? माझ्या तोंडानं झालं का?”

मी बऱ्याच खुन्यांची तोंडं पाहिली आहेत. तोंडावरून मी कधी निकाल देत नाही, कारण रडणारे खुनीही असतात. पण आपल्या बोलण्याने माणूस मेला की काय याची भीती वाटणारा खुनी मी पाहिलेला नाही. त्याची बायको फाटकाबाहेर त्या गर्दीत उभी होती आणि लोक तिच्यासमोरच तिच्या नवऱ्याला शिव्या घालत होते. तिला आत घेतलं. ती म्हणाली, “सायेब, त्यानला मारू नका. ते कोंबडी बी कापत न्हाईत. हाटेलात त्याच्यासाठी दुसरा गडी हाय.” हा काही पुरावा नव्हे, पण मी ते लिहून घेतलं. तिला आतल्या बाकावर बसवलं आणि महिला शिपायाला दोघांनाही चहा द्यायला सांगितलं.

दुपारी एकच्या सुमारास मालकाची मुलगी पुण्याहून आली. एकुलती एक. तिने गाडीत ती क्लिप किती वेळा पाहिली होती कुणास ठाऊक. “तो आत बसलाय आणि तुम्ही त्याला चहा देताय?” एवढंच ती मला म्हणाली. मी ते ऐकून घेतलं. बापाचं प्रेत पाहून आलेल्या मुलीशी वाद घालायचा नसतो.

मग मी दार लावून घेतलं आणि सकाळपासून लिहिलेले सगळे जबाब वाचायला घेतले. माझी ही जुनी सवय. जबाब घेताना माणसाचा आवाज आणि चेहरा मध्ये येतो, कागदावर फक्त तो काय म्हणाला तेवढं उरतं. उपनिरीक्षकांनी पुतण्याचा जबाब स्वच्छ अक्षरात लिहिला होता: ‘पहाटे पाच वाजता थ्री फेज लाईट आल्याने मी खालच्या विहिरीवर जाऊन मोटार चालू केली व मोसंबीचे बागेस पाणी सोडले. सात वाजेपर्यंत मी तेथेच होतो.’ विहीर शेततळ्यापासून लांब, बागेच्या दुसऱ्या टोकाला. त्या आठवड्यात शेतीची लाईट खरोखरच पहाटे पाचला येत होती. उपनिरीक्षकांनी वेळापत्रकही जोडलं होतं. जबाब पक्का वाटत होता.

मी तो दोनदा वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

मी राजूरकडचा. आमचीही मोसंबीची बाग होती. मोसंबीला आंबिया बहार धरायचा तर डिसेंबरपासून दीडेक महिना बागेचं पाणी पूर्ण तोडावं लागतं. त्याला ताण देणं म्हणतात. जमीन भेगाळते, पानं मलूल होतात, थोडी गळतातही, आणि मग जानेवारीत पाणी सोडलं की झाडं फुलांनी भरतात. ताणात मध्येच पाणी मिळालं तर बहार फुटत नाही, नुसती पालवी येते आणि वर्ष वाया जातं. आमच्या घरी त्या दिवसांत आई धुण्याचं पाणीसुद्धा बागेकडे जाऊ देत नसे. वडील रोज बागेत जायचे, हात मागे बांधून झाडांकडे बघायचे आणि परत यायचे.

आणि हा माणूस म्हणत होता, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी बागेला पाणी सोडलं.

तो असं का म्हणाला, ते मला लगेच कळलं. पोरगा एप्रिलमध्ये आला होता. उन्हाळाभर त्याने काकाला लाईट आली की अंथरुणातून उठून विहिरीकडे जाताना पाहिलं होतं. शेतकरी पहाटे मोटार चालू करायला उठतो, एवढी शेती त्याला समजली होती. ते डिसेंबरात बंद होतं हे त्याच्या गावीही नव्हतं, कारण बागेत तो कधी शिरलाच नव्हता. मी जमादाराला बोलावून तो जबाब मोठ्याने वाचून दाखवला. जमादार स्वतः शेतकरी माणूस. “ताणातल्या बागेला पानी? येडं हाय का काय त्ये?” असं म्हणाला आणि त्याने कागदावरची तारीख पाहिली. मग हळूच म्हणाला, “न्हाई सायेब. खोटं बोलून राह्यलंय.”

एका खोट्याने खून सिद्ध होत नाही. माणसं पोलिसांशी शंभर कारणांसाठी खोटं बोलतात, त्यातली नव्वद लाजेपोटी असतात. म्हणून मी त्या खेळवाल्या तरुणीला पुन्हा बोलावलं आणि सकाळी कुणीच न विचारलेला प्रश्न विचारला.

“आचाऱ्याला खुनी करायचं कुणी ठरवलं?”

ती म्हणाली, “सर, माझ्या कागदात मॅनेजर खुनी होता. म्हणजे मालकांचे पुतणेच. पण शनिवारी दुपारी ते म्हणाले, मला पाठांतर जमणार नाही, मामांना द्या, धमाल येईल. ‘मालकाला मारलं’ हे वाक्यही त्यांनीच घालायला लावलं. आधी नुसतं ‘मी मारलं’ असं होतं.”

उपनिरीक्षकांना मी पाहुण्यांचे मोबाईल तपासायला बसवलं. इथं त्यांची तत्परता कामी आली. दोन पाहुण्यांनी तोच प्रसंग चित्रित केला होता. त्यांच्या चित्रणात आचारी बोलायच्या आधी हशा होता आणि बोलून झाल्यावर टाळ्या, मालक उठून त्याला मिठी मारताना दिसत होता. फिरणारी क्लिप मात्र वेगळ्या कोपऱ्यातून घेतलेली होती आणि तिची दोन्ही टोकं कापलेली होती. त्या कोपऱ्यात कोण उभं होतं, हे दुसऱ्या चित्रणात स्पष्ट दिसत होतं. मोबाईल वर धरून पुतण्या उभा होता.

साडेतीनला मी त्याला घेऊन बागेत गेलो. सोबत जमादार आणि गावातले दोन पंच. मी आवाज चढवला नाही. माझ्या नोकरीत मी चौकशीत कुणावर हात उचलला नाही, याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. ज्याला काही माहीत नाही तोही मारल्यावर बोलतो, मग त्या बोलण्याचा उपयोग काय?

“पाणी कुठं सोडलं ते दाखवा,” मी म्हणालो.

तो पुढे चालत गेला, अगदी आत्मविश्वासाने. ठिबकच्या नळ्यांपाशी थांबून म्हणाला, “या सगळ्या ओळींना.”

मी वाकून मूठभर माती उचलली आणि त्याच्यासमोर बोटांतून सोडली. धूळ उडाली. त्याच्या पायाखाली बोट जाईल एवढी भेग होती.

“उन्हानं वाळली असेल,” तो म्हणाला.

“डिसेंबरच्या उन्हात? सकाळपासून दुपारपर्यंत?”

“मग व्हॉल्व्ह बंद राहिला असेल. मोटार मी चालू केली होती, हे नक्की.”

आम्ही विहिरीवर गेलो. स्टार्टरच्या पेटीच्या दारावर कोळ्याने जाळं विणलं होतं, अख्खं, एक धागा तुटलेला नाही. जमादाराने पंचांना ते जाळं दाखवलं आणि फोटो घेतला. दोन्ही पंच शेतकरी होते. ते आता पुतण्याकडे बघत होते आणि त्यांच्या बघण्यानेच तो जास्त खचला असावा.

“तुमच्या काकांनी बागेला ताण कधी दिला?” मी विचारलं.

“काय दिला?”

त्याला शब्दच माहीत नव्हता. मी त्याला बांधावर बसवलं आणि ताण म्हणजे काय ते समजावून सांगितलं, माझ्या वडिलांनी मला सांगितलं होतं तसं, शांतपणे. तो ऐकत राहिला. मग मी म्हणालो, “तुम्ही पाच ते सात इथं नव्हता. कुठं होता ते सांगायचं की नाही, हे तुम्ही ठरवा. पण ठाण्यात एक माणूस तुमच्या जागी बसलाय.”

त्याने समोरच्या भेगेत बोट घातलं. मग तो म्हणाला, “काका बाग तोडू देत नव्हते.”

पुढचं त्याने भराभर सांगितलं. त्याला बाग काढून तिथं आणखी वीस खोल्या आणि पोहण्याचा तलाव करायचा होता. काका ऐकत नव्हता. तो आला तेव्हा काकाने मृत्युपत्रात जमीन त्याच्या नावे लिहिली होती, पण आता सोमवारी काका ती सगळी मुलीच्या नावे बक्षीसपत्राने करून देणार होता. त्याच्याकडे रविवार एवढाच दिवस उरला होता, आणि शनिवारी तो खेळ आयताच चालून आला.

पोलिसांसमोर दिलेली कबुली न्यायालयात चालत नाही, हे मला कुणी शिकवायला नको. पण त्याने दाखवून दिलेली वस्तू चालते. पंचांसमक्ष निवेदन घेतलं आणि जुन्या ठिबक नळ्यांच्या वेटोळ्याखालून लोखंडी गज आणि शेवाळाने माखलेलं जॅकेट काढलं. गजावरच्या रक्ताला बिटाचा वास नव्हता. प्रयोगशाळेने पुढे ते मालकाचंच असल्याचं कळवलं. दिवस मावळायच्या आत अटक पंचनामा झाला आणि मी वरिष्ठांना फोन लावला. ते म्हणाले, “मोसंबीवरून?” मी म्हणालो, “होय साहेब, मोसंबीवरून.”

खटला उभा राहिला तेव्हा बचाव पक्षाच्या वकिलांनी मला उलटतपासणीत विचारलं, “आपण शेतीतज्ज्ञ आहात का?” मी म्हणालो, “नाही. मी मोसंबीवाल्याचा मुलगा आहे.” न्यायाधीशांनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं, पण ते हसले हे मी पाहिलं. कृषी अधिकाऱ्यांची साक्ष झाली, पंच फुटले नाहीत, जन्मठेप लागली. या तपासासाठी मला प्रशस्तिपत्र मिळालं. ते आजही घरी भिंतीवर आहे आणि आलेल्या पाहुण्याला मी ते दाखवतो. माझी बायको अशा वेळी आत निघून जाते, तिने ही कथा फार वेळा ऐकली आहे.

पण मला खरं शिकवलं ते प्रशस्तिपत्राने नाही. त्या संध्याकाळी मी आचाऱ्याला बाहेर आणलं आणि फाटकावर उभं राहून लोकांना सांगितलं की हा माणूस निर्दोष आहे, खरा आरोपी आत आहे. लोक शांतपणे पांगले. एकानेही त्याची माफी मागितली नाही. दोघा-तिघांनी मोबाईल वर करून त्याचे आणखी फोटो काढले. मी त्याला म्हणालो, “मामा, सुटलात. घरी जा.” तो माझ्याकडे बघून म्हणाला, “तुमच्या ठाण्यातून सुटलो, सायेब. त्या फोनातून मला कवा काढता?”

त्याला अटकच झाली नव्हती, त्यामुळे सोडल्याचा कागदसुद्धा नव्हता. मी प्रेसनोट काढली, ती आतल्या पानावर चार ओळींत आली. क्लिप मात्र फिरतच राहिली. जमादार माहिती काढून यायचा. गावात त्याला कुणी चहाला बोलावत नव्हतं. दोन लग्नांची ठरलेली कामं गेली होती. कुणी तोंडावर खुनी म्हणत नव्हतं, पण त्याच्या हातचं खायला कुणी तयार नव्हतं. स्वयंपाक करणाऱ्या माणसाला यापेक्षा मोठी शिक्षा कोणतं न्यायालय देईल?

मग मालकाची मुलगी ठाण्यात आली. मी तिला दोन्ही पाहुण्यांची पूर्ण चित्रणं आधीच दाखवली होती. आपला बाप उठून आचाऱ्याला मिठी मारतो, तो भाग तिने पुन्हा पुन्हा पाहिला होता. ती म्हणाली, “साहेब, बाबांच्या तेराव्याचा स्वयंपाक मामांनीच करायचा, असं मी ठरवलंय. ते नाही म्हणतायत. तुम्ही सांगा त्यांना.”

मी स्वतः कुंभार पिंपळगावला गेलो. आचारी म्हणाला, “मी करतो, सायेब. पन खानार कोन?”

“मी,” मी म्हणालो.

तेराव्याला हॉटेलच्या अंगणात पंगती मांडल्या होत्या. शेजारच्या चार गावांतले लोक आले होते. सगळे उभे. कुणी पाण्याच्या टाकीपाशी, कुणी मोटारसायकलींपाशी, कुणी उगीच बागेकडे बघत. पत्रावळी मांडून झाल्या तरी बसायला कुणी पुढे येईना. आचारी वरणाची बादली धरून चुलीपाशी उभा होता, मान खाली. मी मुद्दाम वर्दीत गेलो होतो. नियमात ते बसतं की नाही मला माहीत नाही, पण कुणी विचारलं असतं तर उत्तर तयार होतं. बूट काढले, पट्टा सैल केला आणि पहिल्या ओळीत पहिल्या पत्रावळीवर बसलो. माझ्या शेजारी मुलगी येऊन बसली. तिच्या शेजारी जमादार. मग ते दोन पंच. मग एक म्हातारा काहीतरी पुटपुटत आला आणि त्याच्यामागून सगळी ओळ भरली.

आचारी ओळीच्या दुसऱ्या टोकाकडून वाढत वाढत माझ्यापाशी आला. थोडं वरण पत्रावळीबाहेर सांडलं. मी भात कालवला आणि खायला सुरुवात केली. सगळं अंगण माझ्या घासाकडे बघत होतं, मग एकेकाने आपापल्या पत्रावळीकडे पाहिलं आणि जेवायला लागले.

पोलिसाचं काम गुन्हेगार पकडण्याचं आहे, असं मला प्रशिक्षणात शिकवलं होतं. निर्दोष माणसाला त्याच्या जागेवर परत नेऊन बसवणं हेही कामच आहे, आणि ते कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही, हे मला त्या अंगणात कळलं. त्यानंतरच्या नोकरीत ज्याला ज्याला मी चौकशीअंती सोडलं, त्याला मी स्वतः घरापर्यंत पोहोचवलं, दिवसाढवळ्या, गाडीत पुढच्या सीटवर बसवून.

आचारी दुसऱ्यांदा वाढायला आला. माझं पोट भरलं होतं. “मामा, अजून वाढा,” मी मोठ्याने म्हणालो, आणि पत्रावळ पुढे केली.